हलत्या बोटीतून अख्खा किनारा

एक प्रयोग करून बघा. जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा पकडा (मिळाली तर!). धरणगाव-अमळनेरच्या मध्ये कुठंतरी मोबाइलचा पॅनोरमा मोड चालू करा आणि हात डावीकडून उजवीकडे फिरवा. आता फोटो बघा. लांबचा डोंगर बऱ्यापैकी जागेवर असेल. पण रुळांजवळचे विजेचे खांब वाकडे झालेले असतील, बांधावरचं लिंबाचं झाड दोनदा आलं असेल आणि शेतात चरणारी म्हैस एकतर दीड झाली असेल, नाहीतर नुसतं डोकंच उरलं असेल.

हसू नका. नॉर्वेच्या जहाजावर हजारो रुपयांचे कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्या लोकांचंही नेमकं हेच होतं.

आपल्या पिढीच्या ‘एकदा तरी’च्या यादीत नॉर्वे असतंच. आमच्या होस्टेलच्या रूममध्ये दरवाज्याच्या मागे चिकटवलेलं एक पोस्टर आहे. निळंशार पाणी, दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये एक पांढरं जहाज. मी रोज सकाळी मेसला जाताना ते बघते. पासपोर्ट नाही, पैसे नाहीत, पण पोस्टर आहे. तर या लेखात मी तुम्हाला नॉर्वेच्या जहाजावरून लांबलचक फोटो कसे काढतात ते सांगणार आहे. आणि तेच आपल्या सातपुड्यात, नर्मदेच्या पाण्यावर करायला गेले तेव्हा माझी कशी फजिती झाली, तेही.

पत्र वाटणारं जहाज

आधी ते जहाज काय भानगड आहे ते बघू. नॉर्वेचा किनारा म्हणजे सरळ रेघ नाही. फाटलेल्या कागदाच्या कडेसारखा तो आत-बाहेर, आत-बाहेर जातो. या आत घुसलेल्या अरुंद, खोल खाड्यांना फ्योर्ड म्हणतात. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी डोंगर कोरून दऱ्या केल्या, नंतर बर्फ वितळलं आणि समुद्र त्या दऱ्यांमध्ये शिरला. म्हणजे फ्योर्ड ही खरं तर बुडालेली दरी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. त्यांच्यातला सगळ्यात लांब सोन्येफ्योर्ड साधारण २०५ किलोमीटरचा आहे आणि त्याची खोली १,३०८ मीटर.

असल्या किनाऱ्यावर रस्ते करणं अवघड. म्हणून २ जुलै १८९३ रोजी रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रॉनहाइमहून उत्तरेला हॅमरफेस्टकडे नेली. टपाल, माल आणि माणसं, सगळं एकाच बोटीत. आपली एसटी जशी पेपरचे गठ्ठे, पार्सल आणि प्रवासी घेऊन गावोगावी थांबते, तशीच ही पाण्यावरची एसटी. तिचं नाव ‘हुर्टिग्रुटेन’, म्हणजे जलद मार्ग. आज बर्गनपासून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं आणि जाऊन-येऊन १२ दिवस. आता तिच्यावर पर्यटकांचीही गर्दी असते आणि डेकच्या कठड्यावर कॅमेऱ्यांची रांग.

२०११ मध्ये नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने एक वेडेपणा केला. या जहाजावर कॅमेरे लावले आणि बर्गन ते किर्केनेसचा प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. निवेदकाची बडबड नाही, सस्पेन्स नाही. नुसता सरकणारा किनारा. तुम्ही म्हणाल, कोण बघणार? लाखो लोकांनी बघितलं. आणि गंमत म्हणजे जहाज येणार हे कळल्यावर गावागावांतली माणसं किनाऱ्यावर येऊन उभी राहायला लागली. झेंडे घेऊन, फलक घेऊन, छोट्या होड्या काढून. सुरुवातीला कॅमेरा डोंगर दाखवत होता. मग हात हलवणारी माणसं त्या कार्यक्रमाचाच भाग होऊन गेली.

जवळचं पळतं, लांबचं थांबतं

आता मुद्द्याचं. जहाजावरून पॅनोरमा बिघडतो का?

पॅनोरमा म्हणजे एकाच जागी उभं राहून, मान फिरवत काढलेले अनेक फोटो एकमेकांना शिवणं. यात ‘एकाच जागी’ हे शब्द महत्त्वाचे. सॉफ्टवेअर दोन फोटोंमधला सारखा भाग शोधतं आणि त्यावर शिलाई मारतं. पण तुम्ही जहाजावर आहात. पहिला फोटो काढला तेव्हा होतात तिथं दुसऱ्या फोटोला तुम्ही नाहीच.

जागा बदलली की जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकांच्या तुलनेत सरकतात. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग डोळा बदला. अंगठा टुणकन उडी मारतो, मागची भिंत जागेवर राहते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. अकरावीच्या फिजिक्सच्या पहिल्या काही पानांत होतं हे. आपण पाच मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो.

थोडं गणित करू, घाबरू नका. मोठं जहाज १५ नॉटने चाललंय असं धरा, म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. पाच फोटो काढायला तुम्हाला पाच सेकंद लागली, तर तेवढ्यात जहाज ३९ मीटर पुढं गेलं. समोरचा डोंगर तीन किलोमीटरवर असेल तर तो पाऊण अंशाने सरकतो. सॉफ्टवेअर एवढं सहज सांभाळून घेतं. पण शंभर मीटरवर एखादा खडक किंवा कोळ्याची होडी असेल तर ती वीसेक अंश सरकते. तिथं शिलाई उसवते. होडी अर्धी होते, दोनदा येते, नाहीतर गायबच होते.

म्हणून जाणकार सांगतात की जहाजावरून पॅनोरमा काढायचा तर जवळचं काही घेऊच नका. कठडा नको, डेक नको, होडी नको. फक्त लांबचं घ्या. डोंगर, बर्फ, आकाश.

सल्ला बरोबर आहे. मीही तो पाळला. तिथंच घोळ झाला.

जाता जाता आपल्या खानदेशातली एक गोष्ट. हाच पॅरॅलॅक्स एका माणसाने कामाला लावला होता. मेजर रॉबर्ट गिल. १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत बसलेला हा अधिकारी पुढं कॅमेराही वापरायला लागला. त्याने लेण्यांचे जोडफोटो काढले. थोड्याशा वेगळ्या दोन जागांवरून घेतलेले दोन फोटो खास भिंगातून एकत्र बघितले की खांब पुढं येतात आणि बुद्धमूर्ती मागं जाते. म्हणजे थ्री-डी! ते फोटो १८६४ मध्ये लंडनला पुस्तकात छापून आले. त्याच्या रंगवलेल्या नकलांमधल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याला भुसावळमध्येच पुरलं. जंक्शनवर गाडी बदलताना आपण वडापाव शोधतो, त्याच गावात. तर जवळचं आणि लांबचं वेगवेगळं सरकतं, हा दोष नाही. जग खोल आहे याचा तो पुरावा आहे. पॅनोरमाला तेवढा तो चालत नाही.

‘खानदेशातलं नॉर्वे’

माझी एक होस्टेलमेट धडगाव तालुक्यातली आहे. पावरा समाजातली. पोस्टरकडं बघून ती एकदा म्हणाली, “आमच्याकडं पण असंच दिसतं. मामांची बोट आहे.” झालं, माझ्या डोक्यात हेडिंग तयार. ‘खानदेशातलं नॉर्वे’. जानेवारीत दोन दिवसांची सुटी जोडून आली आणि आम्ही निघालो. नंदुरबारपर्यंत रेल्वे, पुढं शहाद्याहून एसटी, मग घाट, आणि शेवटचा टप्पा जीपमध्ये अकरा जण. मी बॉनेटच्या बाजूला, पाय कुठं ठेवले होते ते अजून आठवत नाही.

आणि मग एका वळणावर खाली पाणी दिसलं. खोटं कशाला बोलू, मी ओरडलेच. दोन्ही बाजूंना सातपुड्याचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. प्रत्येक दोन डोंगरांच्या मध्ये पाण्याची एक जीभ आत गेलेली. हुबेहूब पोस्टर, फक्त बर्फ नाही.

हे पाणी म्हणजे सरदार सरोवर धरणाचा फुगवटा. धरण गुजरातमध्ये केवडियाला, पण पूर्ण भरलं की मागं साधारण २१४ किलोमीटरपर्यंत पाणी साचतं, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत. सोन्येफ्योर्डपेक्षाही थोडं लांबच. बुडालेली दरी म्हटलं होतं ना मघाशी? ही पण बुडालेली दरीच. फरक एवढाच की तिथं समुद्र शिरला तो हजारो वर्षांपूर्वी. इथलं पाणी आपल्या आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत चढलं.

मामांची बोट म्हणजे डिझेल इंजिनची, लोखंडी, आठ-दहा माणसं बसतील एवढी. मी पुढच्या टोकाला बसले. जवळचं काही घ्यायचं नाही, फोन उभा धरायचा, एक्सपोजर लॉक. सगळं यूट्यूबवर बघून आलेले. बोट ताशी दहाएक किलोमीटरने चालत होती आणि डोंगर दोन किलोमीटरवर. पाच सेकंदांत फक्त १४ मीटर सरकायचं, म्हणजे डोंगर अर्धा अंशसुद्धा हलणार नाही. काठ वाचवायचा, होड्या वाचवायच्या. त्या दिवशी मी चोवीस पॅनोरमा काढले.

रात्री चुलीजवळ बसून सगळ्यांना फोन दाखवला. उत्तम जमले होते. एक तर इतका सरळ शिवला गेला होता की मी लगेच वॉलपेपर लावला. कॅप्शनही वाचून दाखवली, ‘खानदेशातलं नॉर्वे’. मैत्रिणीने फोटो दोन बोटांनी मोठा केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग परत आली.

“यात आजीचं घर कुठंय?”

मी म्हटलं, काठावरचं काही घेतलं नाही गं, फोटो तुटतो त्याने.

“काठावर नाही,” ती म्हणाली. “पाण्यात.”

पाण्याखालचा पत्ता

मी पत्रकारिता शिकते. सरदार सरोवरावर आम्हाला एक अख्खं लेक्चर होतं. मला आकडे माहीत होते. महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, या दोन तालुक्यांतली. मणिबेली हे आपल्या राज्यातलं पहिलं बुडालेलं गाव, १९९३-९४ च्या सुमाराला. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हताच, तो १ जुलै १९९८ रोजी झाला. म्हणजे मणिबेली बुडालं ते धुळे जिल्ह्यातलं गाव म्हणून. धुळ्याच्या कलेक्टर कचेरीसमोर नर्मदा खोऱ्यातले लोक येऊन बसायचे, हे आपल्यातल्या कितीजणांना घरात कुणी सांगितलंय?

पुढं धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटर झाली. १७ सप्टेंबर २०१७ ला लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. गुजरातच्या कोरड्या भागाला पाणी मिळालं, धरणावर तयार होणाऱ्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ही बाजूही खरी आहे आणि ती लिहायला हवी. तुमच्या-माझ्या होस्टेलचा चार्जर कुठल्या विजेवर चालतो ते आपण कधी विचारत नाही.

आकडे असे पाठ होते. पण दिवसभर त्याच पाण्यावर बसून मला एकदाही खाली बघावंसं वाटलं नव्हतं.

माझी मैत्रीण जन्मली तेव्हा ते घर गेलेलं होतं. काही नातेवाईक सरकारने दिलेल्या वसाहतीत तळोदा-शहाद्याकडं गेले. मामांचं घर डोंगरावर वर सरकलं. पाणी चढेल तसं आधी एकदा, मग आणखी एकदा. आता ‘शेजारच्या’ पाड्यावर जायलाही बोट लागते. दवाखाना बोटीने येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी ताई स्वतः होडी वल्हवत गरोदर बायांपर्यंत आणि लहान मुलांपर्यंत पोचायच्या, ती बातमी तुम्ही बघितली असेल. आपण तिला ‘सॅल्यूट’ म्हणून शेअर केली. होडी का लागते, हे तिथं कुणी विचारलं नव्हतं.

आणि मी होड्या फ्रेममधून काढत बसले होते. शिलाई नीट यावी म्हणून.

परत आल्यावर वाचलं तर नॉर्वेमध्येही अशीच एक गोष्ट सापडली. उत्तरेला आल्टा नावाची नदी आहे. तिच्यावर वीजधरण बांधायचं ठरलं. पहिल्या आराखड्यात तर सामी या तिथल्या मूळ रहिवाशांचं मासी नावाचं गावच पाण्याखाली जाणार होतं. विरोध झाला, गाव वाचलं, पण धरणाचा बेत राहिला. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोला संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. १९८१ मध्ये पोलिसांनी शेकडो आंदोलकांना उचलून बाजूला केलं. धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं. पण त्या भांडणातून सामी लोकांचा कायदा आला आणि १९८९ मध्ये त्यांची स्वतःची संसद सुरू झाली. आल्टा नदी जिथं समुद्राला मिळते तो किनाराही त्याच उत्तर नॉर्वेचा, माझ्या पोस्टरवर मात्र त्यातलं काही नाही. पोस्टरवर माणूसच नाही.

दुसरा दिवस, दुसरी पद्धत

सकाळी मामांना विचारलं, “मामा, बोट थांबवता येईल का? मध्येच?” ते म्हणाले, “इंजिन बंद करू. पण वारा असेल तर फिरेल ती.” सकाळी सात-साडेसातला वारा नव्हता. पाणी ताटलीसारखं. मामांनी इंजिन बंद केलं आणि बोट आपोआप थांबेपर्यंत आम्ही गप्प बसलो.

बोट थांबली की सगळं सोपं होतं. जवळचंही घेता येतं. या वेळी मी काठ घेतला. वर सरकलेली कुडाची घरं, पाण्याशी भांडी घासणाऱ्या बाया, काठाला बांधलेल्या होड्या. बायांना आधी मैत्रिणीने त्यांच्या भाषेत ओरडून विचारलं, फोटो काढू का? एकीने हात हलवून नाही म्हटलं. ती आत जाईपर्यंत थांबलो. एकूण नऊ फ्रेम, फोन उभा.

डावीकडून तिसऱ्या फ्रेममध्ये एक माणूस वल्हं मारत मध्ये आला. चौथ्या फ्रेममध्ये तो पुढं सरकलेला. आदल्या दिवशीचा नियम सांगतो की त्याला काढून टाका. सॉफ्टवेअरनेही तेच केलं. जळगावला येऊन लॅपटॉपवर फोटो शिवले तर तो माणूस गायब. वल्ह्याने उठलेल्या लाटा तेवढ्या राहिल्या. मला कसंसंच झालं. मग दोन तास बसून तिसऱ्या फ्रेमचा तेवढा भाग हाताने राखला, शिलाईची रेघ त्याच्या होडीच्या बाजूने वळवून मागच्या डोंगरावरून नेली. आता तो माणूस आहे. डोंगराच्या कडेला एक बारीक पायरी दिसते, नीट बघितली तर. राहू दे.

मग मैत्रीण म्हणाली, याची मोठी प्रिंट काढू. जळगावच्या एका लॅबमध्ये चार फूट लांबीची प्रिंट काढली. होस्टेलचे दोन दिवसांचे मेसबाहेरचे खर्च त्यात गेले. पुढच्या सुटीत ती प्रिंट तिने घरी नेली. खाली पांढरी पट्टी मुद्दाम ठेवली होती.

जुन्या काळी जहाजांवरचे सर्वेक्षण करणारे लोक किनाऱ्याची अशीच लांबट चित्रं काढायचे. आपल्या कोकणच्या किनाऱ्याचीही काढली गेली. हा डोंगर, हे देऊळ, हा किल्ला, अशी नावं तिथं लिहायची, म्हणजे पुढच्या खलाशाला कळेल आपण कुठं आहोत. माझ्या मैत्रिणीने तेच केलं. प्रिंट अंथरली, मामा आणि त्यांच्या आई शेजारी बसले, आणि हिने पेनने रेघा ओढल्या. इथं खाली आमचं शेत. इथं मोहाची झाडं. इथं देवाची जागा. इथून बाजाराची वाट. जिथं फोटोत नुसतं निळं पाणी होतं तिथंच सगळ्यात जास्त नावं लिहून झाली.

तिने मला त्याचा फोटो पाठवला. खाली मेसेज होता, “आजी म्हणते, घर अजून डावीकडं. पट्टी पुरली नाही.”

बोटीवर पॅनोरमा काढताना

१. आधी जमिनीवर सराव करा. जळगावकरांना मेहरूण तलाव, धुळेकरांना नकाणे तलाव किंवा लळिंगचा किल्ला. एका जागी उभं राहून जमलं नाही तर बोटीवर जमणारच नाही.

२. फोन उभा धरा. साध्या लेन्सने उभ्या धरलेल्या पाच फ्रेममध्ये जवळपास १७० अंश मावतात. प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा ४० टक्के तरी भाग यायला हवा.

३. बोट चालू असेल तर पॅनोरमा मोड टाळा. सुटे फोटो पटापट काढा आणि नंतर शिवा. ‘ह्युगिन’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

४. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा. नाहीतर आकाश एका फ्रेममध्ये पांढरं, दुसऱ्यात निळं येतं. पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा, त्याने आकाशात गडद पट्टा उमटतो.

५. शटर १/५०० किंवा त्याहून जलद. ट्रायपॉड नको. इंजिनची थरथर ट्रायपॉडमधून थेट कॅमेऱ्यात जाते, आपल्या हातापायांत मात्र थोडी जिरते.

६. बोट डुलत असेल तर मधोमध उभे राहा, तिथं डुलणं कमी असतं. पाण्याची रेघ आडवी दिसेल त्या क्षणाला बटण दाबा.

७. शिलाईची रेघ शक्यतो जमिनीवरून किंवा डोंगरावरून न्या. पाण्यावरच्या लाटा दोन फ्रेममध्ये कधीच सारख्या नसतात.

८. लाइफ जॅकेट घाला, फोनला दोरी बांधा, काठावर वाकू नका. पावसाळ्यात आणि वाऱ्यात बोटीवर फोटोसाठी जाऊ नका. फोटो परत काढता येतो.

९. माणूस फ्रेममध्ये येत असेल तर विचारा. नाही म्हणाला तर थांबा. हो म्हणाला तर त्याला अर्धा कापू नका.

१०. निघताना कुणाला तरी विचारा, समोरच्या डोंगराचं नाव काय? मग पाण्याकडं बोट दाखवून विचारा, आणि इथं काय होतं?

शेवटच्या मुद्द्याला कॅमेरा लागत नाही. धडगावलाच जायला हवं असंही नाही. तुमच्या जिल्ह्यात एखादं धरण असेलच. हतनूरच्या ४१ दरवाज्यांचे फोटो दर पावसाळ्यात आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला असतात. या वेळी दरवाजे सोडून मागच्या पाण्याचा फोटो काढा, आणि घरी जाऊन आजोबांना दाखवा. ते फोटो मोठा करून काय शोधतात, तेवढं बघा.

नॉर्वेला मी जाणार आहे, एक ना एक दिवस. पोस्टर अजून दरवाज्यामागेच आहे. फक्त वॉलपेपर बदललाय. आता त्यात वल्हं मारणारा तो माणूस आहे, डोंगरातल्या बारीक पायरीसकट.